निरंक चालणार नाही

बुधवारी दुपारी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पत्र पडलं आणि शुक्रवारी पाच वाजेपर्यंत आम्हाला एक प्रज्ञावंत लेकरू शोधून द्यायचं होतं. लातूरच्या सिद्धप्रज्ञा निवासी विद्यालयाला सहावीसाठी चाळीस मुलं हवी होती. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं बारावीपर्यंत फुकट. प्रत्येक शाळेनं पाचवीतलं एक नाव, हवं तर सोबत एक राखीव, लिंकवर भरायचं आणि खाली ठळक अक्षरात सूचना होती, ‘निरंक माहिती चालणार नाही.’ म्हणजे तुमच्या शाळेत हुशार कोणी नसलं तरी ते असलंच पाहिजे. शौचालयं, लावलेली झाडं आणि जंताच्या गोळ्या यांची माहिती ज्या लिंकवर मागतात, त्याच लिंकवर आता बुद्धी मागितली होती.

लगेच ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. एका हेडमास्तरांनी विचारलं, आमच्या पाचवीचा पटच दोन आहे, दोघंही वाचत नाहीत, काय करावं. त्यांना उत्तर आलं, ‘त्यातल्या त्यात एक पाठवा.’ आमच्या खात्याची अक्कल एवढ्या चार शब्दांत मावते.

मी शिवप्रसाद. निलंगा आणि शिरूर अनंतपाळच्या मधल्या कवठाळवाडीच्या शाळेवर अकरा वर्षं मास्तर आहे. लोक मला तिरसट म्हणतात. खरं म्हणजे मला मूर्खपणा इतरांपेक्षा जरा लवकर दिसतो, एवढंच. आमची शाळा दोन शिक्षकांची, पहिली ते पाचवी, पट अडतीस. तिसरी ते पाचवी माझ्या गळ्यात. पहिली-दुसरी हेडमास्तर गुरुबसप्पा सरांकडे, पण ते फक्त कागदावर. गुरुबसप्पा सर रोज सकाळी येऊन सही करतात, फळ्यावर तारीख लिहितात आणि ‘तालुक्याला मीटिंग हाय’ म्हणून मोटरसायकलला किक मारतात. रोज मीटिंग घ्यायची तर तालुक्याला इतके विषय कुठून येत असतील, हा प्रश्न मी अकरा वर्षांत त्यांना विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे.

पत्र वाचून ते दुसऱ्या मिनिटाला म्हणाले, "शिवांगीचं नाव टाकून द्या."

शिवांगी ही भगवानरावांची नात. भगवानराव आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. माणूस जाडजूड, आवाज त्याहून जाड. समितीच्या सभेत पोषण आहाराच्या खिचडीत मीठ जास्त की कमी यावर ते अर्धा तास बोलू शकतात आणि बोलतात. शिवांगी वाईट पोरगी नाही. गणवेश इस्त्रीचा, दोन वेण्या, सव्वीस जानेवारीला न अडखळता इंग्रजीत भाषण. भाषणाचा अर्थ विचारला तर आजोबांकडे बघते, पण ते भाषण करणाऱ्या बऱ्याच जणांचं तसंच असतं. रोज संध्याकाळी आजोबांच्या गाडीतून निलंग्याला शिकवणीला जाते. आपला तो बाब्या या न्यायानं भगवानरावांना ती थेट कलेक्टर दिसायची.

"हुशार शोधायला सांगितलंय," मी म्हणालो, "अध्यक्षांची नात शोधायला नाही."

"मग तुमच्या ध्यानात कोण हाय?"

"शिवकन्या."

गुरुबसप्पा सर हसले. "शिवकन्या तर आपलीच हाय की. तिला कुठं धाडता? शाळा कोण बगंल?"

हे ते चेष्टेत बोलले नव्हते.

शिवकन्या म्हणजे मलप्पाची मोठी पोरगी. मलप्पा लातूरला एका गोदामात हमाली करतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. तिची आई गुरम्मा खुरपायला, काढायला, जे असेल त्या कामाला जाते. पोरगी बारकी, सावळी, बोलणं कमी. वर्गात हात वर करणाऱ्यांतली नव्हे. पण तिसरीत असताना एका संध्याकाळी मी पिशवी उचलून फाट्याकडे धावायला निघालो, तर ही दारात उभी राहून म्हणाली, "सर, घाई करू नका. आज गाडी पावणेसहाला येती."

मी लातूरहून अपडाऊन करतो. संध्याकाळी एकच गाडी. ती कधी सव्वापाचला येते, कधी सहाला, आणि चुकली तर रात्र गावात. मी विचारलं, कशावरून?

"आज मिशीवाला डायवर हाय. त्यो चहाला थांबतो. आन् आज गुरुवार हाय, बाजाराच्या बायका पिशव्या चढवतेत. त्याला धा मिन्टं."

गाडी पाच वाजून शेहेचाळीस मिनिटांनी आली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा तिनं वर्गाच्या दाराआडची भिंत दाखवली. तिथं खडूच्या बारीक रेघा होत्या, सहा महिन्यांच्या. कोणता ड्रायव्हर, कोणता वार, वर्गातल्या घड्याळात किती वाजता हॉर्न. आठ वर्षांच्या पोरीनं कुणी न सांगता बघितलं होतं, मांडलं होतं, वेगळं केलं होतं आणि पुढचं ओळखलं होतं. तालुक्याला ज्यांना बुद्धी शोधायची होती त्यांच्यातल्या एकालाही हे जमलं नसतं. मला तिथल्या तिथं कळलं की हे लेकरू वेगळं आहे. तेव्हापासून माझी गाडी एकदाही चुकली नाही. घंटा झाली की मी तिला वेळ विचारायचो, निवांत चहा करून घ्यायचो आणि वेळ झाली की ती माझी पिशवी हातात आणून द्यायची.

चौथीत ती गेली तेव्हा गुरुबसप्पा सरांच्या मीटिंगा वाढल्या. पहिली-दुसरीची अठरा लेकरं शेजारच्या खोलीत कल्ला करायची. तीन वर्ग सांभाळत मी तिकडं किती वेळा ओरडणार? एक दिवस मी शिवकन्येला म्हणालो, जा, त्यांना जरा गप बसव. अर्ध्या तासानं आवाज थांबला म्हणून डोकावलो तर पोरं जमिनीवर गोल करून बसली होती, मधे चिंचोक्यांचा ढीग, आणि प्रत्येक जण दहा-दहाचे गठ्ठे करून शेजाऱ्याशी अदलाबदल करत होता. हातच्याची वजाबाकी, जी शिकवताना माझा घसा दरवर्षी बसतो, ती दुसरीची पोरं खेळत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा पाठवलं. तिसऱ्या दिवशी पाठवावं लागलं नाही, ती आपणहून गेली. गाव तिला छोट्या बाई म्हणायला लागलं. केंद्रप्रमुख एकदा आले, त्यांनी तिचा शिकवतानाचा व्हिडिओ काढला, त्याला बासरी जोडली आणि ‘जिल्हा परिषदेच्या शाळेची कमाल, चौथीतली छोटी शिक्षिका’ असं लिहून सगळीकडे टाकला. लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. एकानंही विचारलं नाही की मोठा शिक्षक कुठं आहे. बघणाऱ्यांची ही जात मला पक्की ठाऊक आहे. त्यांना बासरी वाजली की सगळं गोड लागतं.

असो. तर गुरुबसप्पा सरांशी माझी जुंपली. मी म्हणालो, शिवांगीचं एकटीचं नाव गेलं तर मी तुमच्या मीटिंगांची यादी काढीन. ते म्हणाले, काढा, मग मी तुमच्या दाखल्याचं बघतो. हा दाखला म्हणजे मास्तर नेमणुकीच्या गावातच राहतो असा. तो दरवर्षी तालुक्याला जोडावा लागतो. माझा दरवर्षी भगवानराव सही करून देतात. अक्षर माझं कोंबडीच्या पायाचं म्हणून मजकूर मी शिवकन्येकडून लिहून घ्यायचो, तिचं अक्षर छापील. तर काचेच्या घरात दोघंही राहत होतो. शेवटी असं ठरलं की शिवांगीचं नाव मुख्य आणि शिवकन्येचं राखीव. गुरुबसप्पा सरांना वाटलं राखीवाला कोण बोलावतंय. पण विद्यालयानं दोघींनाही बोलावलं.

शिवकन्येचा फॉर्म मी स्वतः भरला. प्रश्न असे होते: विद्यार्थी सभाधीट आहे का? नीटनेटका आहे का? वडीलधाऱ्यांचा मान राखतो का? यातून बुद्धिमान नव्हे, जावई निवडता आला असता. शेवटचा रकाना होता, ‘शाळेने या विद्यार्थ्यास दिलेले विशेष सहाय्य (पन्नास शब्दांत)’. शिवांगीच्या फॉर्मवर गुरुबसप्पा सरांनी ‘वेळोवेळी मार्गदर्शन’ असं लिहिलं आणि मला हसू आलं. शिवकन्येच्या फॉर्मवर मी विचार करून लिहिलं: ‘विद्यार्थिनीचे नेतृत्वगुण ओळखून तिला सलग दोन वर्षे अध्यापनाची संधी उपलब्ध करून दिली. त्यामुळे तिच्या आत्मविश्वासात लक्षणीय वाढ झाली.’ चांगलं उतरलं होतं. दोनदा वाचून मी पाठवलं.

मग गुरम्माकडे गेलो. ती नुकती कामावरून आली होती, धाकटा तीन वर्षांचा पोरगा तिच्या पदराला लटकलेला.

"सर, खरं सांगते," ती म्हणाली, "सहावीला पुढच्या गावच्या शाळंला मी तिला धाडत न्हाई. पायी तासभराची वाट, दोन्ही अंगानं ऊस, संगं कुणी न्हाई. लातूरला हास्टेल आसंल तर न्या. तिच्या बापाला बी तिथं दिसंल."

"आणि निवड नाही झाली तर?"

"मग घरीच. ह्याला कुणी तरी बगाय पायजे की."

शिवकन्या चुलीजवळ बसून ऐकत होती.

"होईल," मी म्हणालो. "तिची नाही होणार तर कुणाची होईल?"

"तिला समदं येतंय ना सर? परीक्षा लई अवघड आसती म्हनतेत."

"गुरम्माबाई, हुशार लेकराला शिकवायला लागत नाही. त्याला आपोआप येतं."

गुरम्मानं मान डोलावली. मास्तर बोलला म्हणजे खरंच असणार, असं मानणारी ती शेवटची पिढी.

परीक्षेला रविवारी सकाळी भगवानरावांच्या गाडीतून शिवांगी, तिची आई, आजोबा आणि पाण्याचे तीन थर्मास गेले. गाडीत दोन जागा रिकाम्या होत्या, पण थर्मासला पाय पसरायला जागा लागते. मी आणि शिवकन्या एस.टी.नं गेलो. लातूर पाहायची तिची पहिलीच वेळ. शहरात शिरताना दोन्ही बाजूंना क्लासेसचे फलक सुरू झाले, शेकडो पोरांचे पासपोर्ट फोटो, खाली गुण. ती बराच वेळ खिडकीतून बघत राहिली आणि मग म्हणाली, "सर, तो चष्म्याचा पोरगा तीन क्लासमधी हाय. येका टायमाला तीन ठिकाणी कसा बसला?"

मी मोठ्यानं हसलो. चाळीस वर्षांत लातूरला जे कुणी मोठ्यानं विचारलं नाही ते हिला दहा मिनिटांत दिसलं होतं. माझी छाती फुगली. ही माझी पोरगी, मला वाटलं, आज यांची सगळ्यांची जिरवणार.

विद्यालयाच्या पटांगणात साडेतीनशे लेकरं आणि त्यांचे हजारभर नातेवाईक होते. बाप शेवटच्या मिनिटाला पाढे विचारत होते, आया बदाम भरवत होत्या. एका आईनं पोराच्या खिशात अंगारा ठेवला आणि दुसऱ्या खिशात कसलं तरी बुद्धीचं चूर्ण. मी चिंचेखाली एकटा उभा राहून हा तमाशा बघितला. भगवानराव मला बघून म्हणाले, "काय सर, राखीव बी आली वाटतं." मी उत्तर दिलं नाही. निकालाच्या दिवशी द्यायचं म्हणून राखून ठेवलं.

पेपर दोन तासांचा. मग मुलाखती. चारच्या सुमारास शिपायानं नाव पुकारलं, कवठाळवाडी, शिवकन्या मलप्पा, आणि सोबतच्या शिक्षकांनीही आत यावं. बाकी कुणाच्या शिक्षकाला आत बोलावलं नव्हतं. मी शर्ट नीट खोचला. सत्कारालाच बोलावलंय असं मला वाटलं, हे आज सांगताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

आत टेबलामागं तिघं होते. मधे पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या बाई, समोर पाटी, उमाबाई. शिवकन्या खुर्चीच्या टोकावर बसली होती. उमाबाईंनी मला बसायला सांगितलं आणि उत्तरपत्रिका पुढं सरकवली.

"बुद्धिमत्तेचे प्रश्न चाळीस होते. हिचे चाळीस बरोबर. आज इथं दुसऱ्या कुणाचे पस्तीसच्या वर नाहीत."

मी मान हलवली, जणू मीच सोडवले होते.

"आता पुढचं पान बघा."

पुढचं पान गणिताचं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सगळं बरोबर. बाराव्या प्रश्नापासून अपूर्णांक सुरू होत होते. तिथं उत्तराच्या जागी छापील अक्षरात लिहिलं होतं, ‘हे झालं नाही. मी दुसरीवर असते.’ तेराव्या प्रश्नाखाली, ‘हे पण.’ मग दशांश, मग कोन, मग क्षेत्रफळ. सगळीकडे, ‘हे पण.’

आम्ही मास्तर लोक असंच बोलतो. तुम्ही कोणत्या वर्गावर, मी चौथीवर, मॅडम पहिलीवर. तिनं कुणाची तक्रार केली नव्हती, नेमणूक कुठली ते सांगितलं होतं.

"पाचवीला अपूर्णांक घेतले नाहीत का तुम्ही?" उमाबाईंनी विचारलं.

"घेतले. चांगले तीन आठवडे घेतले."

"तेव्हा ही कुठं होती?"

मी काही बोलायच्या आत शिवकन्याच म्हणाली, "मी शेजारच्या खोलीत होते. भिंतीतून आवाज येत होता, पण फळा दिसत न्हवता." मग जरा थांबून, "पयलीच्या दोघांना अजून जोडाक्षर येत न्हाई. तेवढं ऱ्हायलंय."

"आणि हिच्या प्रगतिपत्रकावर गणितात अ-१ आहे." उमाबाईंनी कागद उलटला. "परीक्षा न घेता?"

परीक्षेच्या वेळी ती पहिली-दुसरीच्या पेपरावर असायची. अ-१ मी दिला होता, कारण ती हुशार आहे हे मला माहीत होतं. ज्याला येतं त्याची परीक्षा काय घ्यायची? हे मी मनात बोललो.

मग त्यांनी माझा फॉर्म काढला आणि शेवटचा रकाना वाचून दाखवला, सावकाश, ‘लक्षणीय वाढ झाली’ पर्यंत. बाजूचा तरुण माणूस खाली बघायला लागला. मला माझ्याच आवाजातलं वाटावं इतकं ते ओळखीचं होतं. गुरुबसप्पा सरांच्या ‘वेळोवेळी मार्गदर्शन’ला मी हसलो होतो. त्या माणसानं निदान खोटं लिहिलं होतं. मी खरं लिहिलं होतं आणि वर त्याची शाबासकी मागितली होती.

"लेखी परीक्षेत गणिताला किमान गुण आहेत," उमाबाई म्हणाल्या. "हिचे होत नाहीत. नियम मी मोडू शकत नाही, मोडला तर उद्या दुसरेही मोडतील. पण पुढच्या मे महिन्यात सातवीसाठी दहा जागा भरणार आहोत. सहावीला नाव कुठंही असू द्या. एवढा राहिलेला अभ्यास करून आणा. ही पोरगी मला हवी आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शिकवून आणा."

तिला मलप्पाच्या गोदामावर सोडायला जाताना रिक्षात ती मला म्हणाली, "सर, तुमी नाराज होऊ नका." मला तिच्याकडे बघता आलं नाही, म्हणून मी फलक बघत राहिलो. चष्म्याचा पोरगा चौथ्या क्लासवरही होता.

शिवांगीची निवड झाली. अपूर्णांक तिला निलंग्याच्या शिकवणीत व्यवस्थित आले होते. शाळेत तिचा सत्कार झाला, भगवानरावांना फेटा बांधला, आणि शाळेनं कसे वेळोवेळी मार्गदर्शन केले यावर गुरुबसप्पा सर वीस मिनिटं बोलले. मी टाळ्या वाजवल्या. राखून ठेवलेलं उत्तर कुठं ठेवलं होतं ते आठवलं नाही.

जूनमध्ये शिवकन्येचं नाव पुढच्या गावच्या शाळेत घातलं, पण गुरम्मानं सांगितल्याप्रमाणे तिला पाठवलं नाही. आठवड्यानं गुरुबसप्पा सर म्हणाले, "पोरगी घरीच हाय ना? मग येऊ द्या की इकडं, भावाला घेऊन. लहान लेकरांना सवय हाय तिची." मी या माणसाकडे बघत राहिलो. याला काहीच कळलं नाही, की याला सगळं कळतं आणि फरक पडत नाही? मी त्यांना नाही म्हणायला हवं होतं. पण अठरा लेकरांचा कल्ला पुन्हा सुरू झाला होता आणि तिसरी ते पाचवी माझ्याच गळ्यात होती. दुसऱ्या दिवशी ती आली, भावाला कोपऱ्यात बसवलं आणि चिंचोके काढले.

मी मात्र मनाशी ठरवलं होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर, साडेचारला, मी तिला बोलावलं. पाचवीचं पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं.

"आजपासून रोज शाळा सुटल्यावर अपूर्णांक घ्यायचे," मी म्हणालो. "मेपर्यंत सगळं करून टाकू."

तिनं पुस्तकाची पानं चाळली. राहिलेले धडे बोटानं मोजले. मग दाराआड जाऊन भिंतीवरच्या रेघा बघून आली.

"सर, तुमी पाचवीला ह्याला किती तास घेतलेले?"

"सगळं मिळून दीडशेक."

"सोमवारी नवा डायवर हाय, त्यो पाच वाजून धाला येतो. फाट्याला जायला तुमाला धा मिन्टं. म्हंजी अर्धा तास ऱ्हायला. तुमी चहा घेता, त्यात पंधरा जातेत." हे ती टोमणा म्हणून बोलत नव्हती, गणित मांडत होती. "मंगळवारी मिशीवाला हाय, तवा लई येळ भेटंल. गुरुवारी बी. शनवारी शाळा दुपारीच सुटती, तुमी दुपारच्या गाडीनं जाता. सुट्ट्या धरल्या तर मेपर्यंत निम्मंच होतंय."

"चहा बंद," मी म्हणालो.

"तरी होत न्हाई." तिनं पुन्हा एकदा मनाशी जुळवून बघितलं. "गाडी सोडली तरच होतंय. दुसरी गाडी कवा हाय?"

"दुसरी नाही. सकाळीच."

"मग गावातच ऱ्हावं लागंल." आणि मग माझ्याकडे सरळ बघून, जसं एखाद्या विसराळू मुलाला त्याच्याच दप्तरात पेन आहे हे सांगावं तसं म्हणाली, "तुमी गावातच ऱ्हाता ना सर. दाखला मीच लिवलाय. तीनदा."

लातूरला घर आहे, बायको आहे, पोराची बारावी आहे, हे मी तिला सांगणार होतो? तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागाला मी उत्तर दिलं असतं. तिनं मला कधीच मोजून ठेवलं होतं, मिशीवाल्या ड्रायव्हरसारखं, आणि माझ्याकडून जे व्हायचं नाही त्याची तिला आशाही नव्हती.

मी पुस्तक पुढं ओढलं आणि अर्धा म्हणजे काय तिथून सुरू केलं. अर्धा, पाव, अष्टमांश. तिनं भाकरीच्या गोलात रेघा मारल्या आणि दहा मिनिटांत छेद सारखे करण्यापर्यंत आली, जे माझ्या वर्गाला आठवडा लागतो. मला शिकवताना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आज थांबावं, असं मनात येऊन गेलं. एक रात्र. भगवानरावांच्या ओट्यावरही झोपता आलं असतं.

"सर, पाचला पाच कमी," ती म्हणाली.

मी घड्याळाकडे बघितलं नाही. पुढचं उदाहरण वाचायला लागलो.

तिनं ते मधेच सोडवलं, उत्तर लिहिलं, पुस्तक मिटलं आणि खुंटीवरची माझी पिशवी काढून, रोजच्यासारखी, माझ्यापुढं धरली.

मी पिशवी घेतली.